आईचं मत एका प्रभागात, नळ दुसऱ्या प्रभागात

१५ जानेवारी २०२६ ला दुपारी आईला फोन लावला तर ती रिक्षात होती. किंक्रांतीचा दिवस, गड्ड्याची जत्रा भरलेली, होम मैदानाकडे जाणारे रस्ते माणसांनी तुंबलेले आणि त्यातच सोलापूर महापालिकेचं मतदान. "तिसऱ्या शाळेला चाललेय गं," ती म्हणाली. पहिल्या शाळेत तिनं आजवर प्रत्येक वेळी मत दिलं होतं. तिथं या वेळी यादीत नावच नव्हतं. बाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरांनी मोबाइलवर शोधून दुसरी शाळा सांगितली. तिथं गेल्यावर कळलं की नाव आहे, पण शेजारच्या प्रभागात. तिसऱ्या शाळेत पाऊण तास रांगेत उभी राहून तिनं मत दिलं. वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात. संध्याकाळी मला शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला.

नाव सापडलं, मत पडलं, मग तक्रार कसली, असं कुणी म्हणेल. तक्रार अशी की आमचा नळ एका प्रभागात आहे आणि आईचं मत दुसऱ्या. आमच्या घराचं दार बोळात उघडतं, पत्ता मात्र मोठ्या रस्त्याचा लागतो, आणि प्रभागाची हद्द नेमकी त्या रस्त्यावरून गेली आहे. समोरच्या काकूंचं नाव बरोबर जागी आलं, आईचं पलीकडे गेलं. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते कधी येणार, किती वेळ राहणार, चावीवाला आमच्या गल्लीची चावी पुरती फिरवणार की नाही, हे ज्यांना विचारायचं ते नगरसेवक निवडण्यात आईचा हात नाही. ज्यांना तिनं मत दिलं, त्यांच्या हद्दीत तिचा नळ नाही.

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते, दहा वर्षं होतील. या देशात सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी नागरिकालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. मी भारतीय पासपोर्टवर २०२२ साली इथं मत दिलं, आणि १८ मार्च २०२६ च्या निवडणुकीतही मला मत आहे. मतदानाचा पास घरी टपालानं येतो, मागोमाग उमेदवारांची छापील यादीही येते. शहरातल्या कुठल्याही केंद्रावर जावं, पास आणि ओळखपत्र द्यावं, टेबलाएवढा कागद उलगडून लाल पेन्सिलीनं एक गोल भरावा. पास तिथंच जमा होतो, म्हणून दुसरीकडे जाऊन परत मत देता येत नाही. केंद्रं सकाळी साडेसात ते रात्री नऊ उघडी असतात. २००७ सालापासून इथं मतदान यंत्रं बंद आहेत, सगळं कागदावर चालतं.

सोलापूरच्या यादीतही परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं, २०१० साली कायद्यात तशी सोय झाली. पण मत द्यायला स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं. त्यामुळे ज्या शहरात मी पाहुणी आहे तिथं दहा मिनिटांत मत देते, आणि ज्या शहराच्या पाण्यावर वाढले तिथं नाही. याचा सल मनात आहे.

शाळेच्या ग्रुपवर हे लिहिलं तर एक मित्र म्हणाला, "तुला काय बे, तिथं बसून बोलायला. इथं साडेनऊ लाख लोक आहेत." त्याचा राग मला समजतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, आइंडहोवन आजही अडीच लाखांच्या आसपास आहे. इथं प्रभागच नाहीत, सगळं शहर मिळून ४५ सदस्य निवडतं. हद्द आखायचीच नाही म्हटल्यावर ती चुकणार कुठून? पण त्याची किंमत मी रोज पाहते. माझ्या गल्लीचा म्हणून कुणी सदस्य नाही, एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नाही. आईकडे नगरसेवकाचा नंबर आहे आणि गटार तुंबलं की ती तो लावते. ही जवळीक मोलाची आहे, प्रभाग मोडून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. आणि एवढ्या सोयी असूनही या देशात २०२२ मध्ये जेमतेम निम्म्या लोकांनी मत दिलं, हेही सांगायला हवं. आई मात्र तीन शाळा फिरली.

माझं म्हणणं इतकंच, की प्रभाग ठेवायचे तर त्यांच्या रेषा स्थिर हव्यात आणि त्या रेषेवरच्या प्रत्येक घराचा हिशेब लागायला हवा. आपल्याकडे दोन्ही होत नाही. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. सरकार बदललं की आकडा बदलतो, आकडा बदलला की नकाशा बदलतो. २०२२ साली सोलापूरसाठी ३८ प्रभाग आणि ११३ जागांचा आराखडा झाला, लोकांनी हरकती दिल्या, आणि तो सगळा बाजूला ठेवून शेवटी पुन्हा २६ प्रभाग, १०२ जागांवर आलो. मधली जवळपास चार वर्षं पालिकेवर प्रशासक होता. आईनं चार वेळा वेगवेगळ्या पद्धतीनं मत दिलंय. यंदा अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची होती. तिसऱ्यानंतर ती निघाली, तर बाई म्हणाल्या, "आजी, अजून एक राहिलं, शिट्टी वाजली नाही."

यादीचं दुखणं त्याहून खोल आहे. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदारयादी करत नाही, विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तीन मतदारसंघांच्या याद्या कापून २६ प्रभागांत वाटायच्या. विधानसभेला हद्दीवरचं घर एका भागातून दुसऱ्या भागात गेलं तरी आमदार तोच राहतो, कुणाचं बिघडत नाही. प्रभागाला मात्र एक ओळ चुकली की मत दुसऱ्याच्या पेटीत. प्रारूप यादी लागते, हरकतीला दिवस मोजके मिळतात. पूर्व भागात यंत्रमागावर दोन पाळ्या करणारा माणूस किंवा दिवसभर विड्या वळणारी बाई त्या दिवसांत विभागीय कार्यालयात जाऊन बारीक अक्षरातली यादी कधी चाळणार? आणि ज्या घरात तेलुगू किंवा कानडी बोलतात, तिथल्या म्हाताऱ्यांनी ती कुणाकडून वाचून घ्यायची?

थोड्या नावांनी काय होतं, असं वाटत असेल तर २०१७ ची मुंबई आठवा. प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांची मतं अगदी समसमान पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला. त्या प्रभागात आमच्या आईसारखं एक जरी नाव इकडचं तिकडे गेलं असतं, तरी चिठ्ठीची वेळ आली नसती. निकाल निसटता असतो तेव्हा चुकीची रेषाही निकाल लावते.

नेदरलँड्समधून कागद किंवा लाल पेन्सिल उचलून आणावी असं मला वाटत नाही. एक गोष्ट मात्र आणण्याजोगी आहे. एका प्रभागातल्या सगळ्या केंद्रांवर उमेदवार तेच, यंत्रावरची नावं तीच. मग प्रभागातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता यायला अडचण एवढीच, की कुणी दोनदा देऊ नये. त्यासाठी बोटाला शाई आहेच, आणि मतदार चिठ्ठी पालिकेनं घरपोच दिली आणि केंद्रावर जमा करून घेतली तर दुहेरी बंदोबस्त होतो. चिठ्ठी घरी आली की नाव चुकीच्या प्रभागात गेलंय हेही आठवडाभर आधी कळेल, किंक्रांतीच्या दुपारी रिक्षात बसल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट आपण आपलीच करायची. प्रभागात किती सदस्य आणि हद्द कुठून, हे मतदानाच्या किमान वर्षभर आधी ठरावं आणि मग कुणालाही हलवता येऊ नये. कच्ची यादी लागली की हद्दीवरच्या गल्ल्यांत पालिकेच्या माणसानं घरोघर जाऊन, दार कुठं उघडतं ते बघून नाव तपासावं. १९९२ च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, सोरेगाव, कुमठे अशी गावं शहरात आली, तिथं अजूनही कित्येक घरांचे पत्ते अमक्याच्या मळ्यामागं अशा खुणांवर चालतात. कार्यालयात बसून ती नावं फोडली तर ती चुकणारच.

हे आत्ता लिहितेय कारण वेळ आत्ताच आहे. यंदाचे प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवर पाडले होते. नव्या जनगणनेची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, आणि तिचे आकडे आले की सोलापूरचा नकाशा पुन्हा आखावाच लागेल. मी दिवाळीला येतेय. आमच्या बोळापासून हद्दीच्या रस्त्यानं शेवटपर्यंत चालत जाऊन, कुठलं दार कुठल्या बाजूला उघडतं याची वही करणार आहे. समोरच्या काकू आणि आई दोघी सोबत यायला तयार आहेत. ज्यांची घरं अशाच रेषेवर आहेत त्यांनीही आपापल्या रस्त्याची वही करावी, म्हणजे नवा आराखडा लागेल त्या आठवड्यात हरकत लिहायला बसायचं उरणार नाही, ती हातात तयार असेल.