बेचाळीस नंबरचं तिकीट

"कोणतं कमिट कशासाठी केलंय, काही पत्ताच लागत नाही," असं साहेब म्हणाले. कमिट म्हणजे कोडमधला बदल एका छोट्या मेसेजसह गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, नोंदवणं. त्यांच्या पडद्यावर माझ्याच कमिटांची रांग होती. 'फिक्स', 'फिक्स २', 'आता खरंच फिक्स', 'कालचं परत घेतलं', आणि एका ओळीत नुसता पूर्णविराम. तो पूर्णविराम रात्री अडीचचा होता. पण हे सांगून माझी बाजू काही भक्कम होणार नव्हती.

"मेसेजमध्ये इश्यू नंबर टाकत जा. ट्रॅकर आपोआप जोडून घेतो. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम नेहमी दुसऱ्याचं असतं. ट्रॅकर म्हणजे कामांची यादी ठेवणारी साइट, आणि तिच्यातलं प्रत्येक नंबर दिलेलं काम म्हणजे इश्यू किंवा तिकीट. या कामाचंही त्यांनी लगेच तिकीट काढलं. नंबर ४२, माझ्या नावावर.

खरं तर ब्राउझर उघडायचा, तिकिटावर जायचं, कमिटचा दुवा चिकटवायचा, की संपलं. पण मी टर्मिनलवाला, म्हणजे कमांड टाइप करून काम करणारा. काळी खिडकी सोडून माउसला हात लावणं आम्हा लोकांना कमीपणाचं वाटतं. बारा सेकंदांचं काम कमांडने करता यावं म्हणून आम्ही आख्खा दिवस घालवतो आणि त्याला वेळ वाचवणं म्हणतो.

तर पहिला प्रयत्न. गिट कमिट म्हटलं, एडिटर उघडला, टाइप केलं: '#४२ लॉगिनचं बटण दुरुस्त'. सेव्ह करून बाहेर पडलो. गिट म्हणालं, मेसेज रिकामा आहे, कमिट रद्द.

रिकामा? आत्ता तर लिहिला! पुन्हा लिहिला. पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा मी तो मोठ्याने वाचून दाखवला. एडिटरच्या तळाशी गिट स्वतःच्या सूचना लिहून ठेवतं, आणि त्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) असतो. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप, ती फेकून द्यायची, हा त्याचा नियम. आणि ट्रॅकरच्या जगात हॅश म्हणजे इश्यू नंबर. एकाच चिन्हावर दोघांचा हक्क, आणि मधे मी.

ठीक आहे, एडिटरच नको. मेसेज थेट कमांडमध्ये देऊ. गिट कमिट, उणे एम, #४२ वगैरे वगैरे. आता उत्तर आलं की 'एम'ला काहीतरी मूल्य लागतं, तुम्ही दिलेलंच नाही. हे गिटचं काम नव्हतं. हे बॅशचं, म्हणजे टाइप केलेली कमांड आधी वाचणाऱ्या शेलचं. शेलच्या दृष्टीनेही हॅश म्हणजे टीप, त्यामुळे तिथून पुढचं सगळं त्याने वाटेतच गिळलं होतं. गिटपर्यंत काही पोचलंच नाही. मेसेज अवतरणचिन्हांत घातल्यावर मात्र कमिट झालं, नंबरासकट. मी खुर्चीत मागे रेललो.

मग लक्षात आलं की 'दुरुस्त'मधला रु दीर्घ पडलाय. एवढ्यासाठी अमेंड केलं, म्हणजे शेवटचं कमिट बदलायला घेतलं. अमेंडने एडिटर उघडला, मी रु ऱ्हस्व केला, सेव्ह केलं. मेसेज रिकामा, कमिट रद्द. एडिटरमधून गेलं की जुनाच नियम लागू! लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ही प्रणाली लिहिली तेव्हा नाव ठेवलं गिट. ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ नकोसा माणूस. आपण आपल्या प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो, असं ते गमतीने म्हणाले होते. माणूस प्रामाणिक आहे, वस्तूवर आधीच लिहून ठेवलंय.

टीपेचं चिन्ह सेटिंगमधून बदलता येतं, किंवा ओळीची सुरुवात हॅशऐवजी शब्दाने करता येते. शहाण्या माणसाने एवढ्यावर थांबावं. मला मात्र हुक आठवला.

हुक म्हणजे खुंटी. कमिट होताना गिट एका ठरावीक जागी तुमची स्क्रिप्ट आहे का बघतं, असली तर चालवतं, आणि स्क्रिप्टने शून्याखेरीज काही परत केलं तर कमिट अडवतं. 'कमिट-एमएसजी' नावाच्या हुकाला मेसेजची फाइल हातात मिळते. माझा बेत असा: शाखेच्या, म्हणजे त्या कामासाठी काढलेल्या कोडच्या वेगळ्या फाट्याच्या, नावातून नंबर काढायचा आणि मेसेजच्या शेवटी 'इश्यू #४२' चिकटवायचं. म्हणजे मला काही लक्षात ठेवायलाच नको.

स्क्रिप्ट लिहिली, फोल्डरमध्ये ठेवली, कमिट केलं. सूचना आली: हुक आहे, पण त्याला चालवायची परवानगी नाही, म्हणून दुर्लक्ष केलं. परवानगी दिली. आता म्हणे अशी फाइलच नाही. फाइल समोर दिसतेय, नाव बरोबर, आणि हा म्हणतो नाही! तासाभराने सापडलं: ती मी दुसऱ्या मशीनवर विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिली होती आणि ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर राहिलं होतं. पहिल्या ओळीत शेलचा पत्ता असतो. त्या पत्त्याला हे शेपूट लागल्यामुळे बिचारा नसलेलं शेल शोधत होता.

शेवटी चाललं. फारच चाललं. अमेंड केलं की हुकही पुन्हा चालतो, हे मी धरलंच नव्हतं. चार वेळा अमेंड केलेल्या कमिटच्या तळाशी 'इश्यू #४२' पाच वेळा, एखाद्याने रागाने टेबल आपटावं तसं. आधी नंबर आहे का ते बघायची एक ओळ घातली.

"दादा, माझ्याकडे तर असं काहीच येत नाही," टीममधली नवी मुलगी म्हणाली. बरोबर होतं तिचं. रेपो (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) क्लोन केला, म्हणजे स्वतःकडे उतरवून घेतला, तरी हुक सोबत जात नाहीत. मग स्क्रिप्ट रेपोतच ठेवून प्रत्येकाला हुकांचा रस्ता सांगणारी एक कमांड चालवायला लावली. चौघांनी चालवली. पाचवा म्हणाला, "मी नो-व्हेरिफाय टाकूनच कमिट करतो, सवय आहे." म्हणजे हुकाची तपासणी वगळून. खुंटी आहे, पण तो बाजूने जातो.

संध्याकाळ झाली होती. काम अर्धवटच, तेव्हा प्रामाणिकपणे मेसेजमध्ये इंग्रजीत लिहिलं: 'धिस डझ नॉट फिक्स #४२'. तिकीट उघडंच राहणार हे सगळ्यांना कळावं, हा हेतू. पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं, आणि ते मुख्य शाखेत मर्ज झालं, म्हणजे मिसळलं.

ट्रॅकर मेसेज वाचतो, पण माणसासारखा नाही. 'फिक्स' आणि त्याला लागून #४२, एवढंच त्याने टिपलं. 'नॉट' हा शब्द त्याच्या यादीत नाही. तिकीट बंद.

मिनिटभरात साहेबांचा अंगठा आला, त्याखाली मेसेज: "४२ बंद केलंस? छान! आता बाकीच्या तीन रेपोंना पण लाव. दोन मिनिटांचं काम आहे."