दाजी, लक्झेंबर्गला कोण गेलं होतं ते तरी बघा

सकाळी घरच्या ग्रुपवर दाजींचा फॉरवर्ड. "निवडून आलेल्या सरकारने न्यायाधीश नेमले तर युरोपच्या पोटात का दुखतं? पोलंडवर गोऱ्यांच्या कोर्टाची दादागिरी!" खाली आख्ख्या गोतावळ्याचे अंगठे. मी इतकी वर्षं वॉर्सात राहते, एकालाही वाटलं नाही की हिला विचारावं. आणि हेच दाजी मागे दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासित राहिले त्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीचे फोटो टाकून "पोलंड आणि कोल्हापूर, रक्ताचं नातं" म्हणून छाती फुगवत होते. ग्रुपवर उत्तर दिलं तर काकू नाराज होणार. म्हणून इथे लिहिते.

दाजी सांगलीला वकिली करतात. त्यांना कळत नाही असं नाही, म्हणून जास्त राग येतो.

अहो, दादागिरी कोणाची? 2003 साली या लोकांनी सार्वमत घेतलं, 77 टक्क्यांनी हो म्हणाले आणि 2004 ला युरोपियन युनियनमध्ये गेले. करारावर सही स्वतःची. आणि लक्झेंबर्गच्या कोर्टाकडे, म्हणजे युनियनच्याच न्यायालयाकडे, "आमच्याकडे जे चाललंय ते कायद्यात बसतं का" असं विचारत कोण गेलं? पोलंडचेच न्यायाधीश! त्यांच्या सुप्रीम कोर्टाच्या कामगार विभागाने प्रश्न पाठवले, त्यावर 2019 च्या नोव्हेंबरात निकाल आला. घरातल्यांनीच हाक मारली होती.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली तेव्हा कंपनीने शेवटचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे दाबून ठेवले. नाव घेत नाही. मी कामगार न्यायालयात गेले. कागद घेऊन वकीलबाईंकडे बसले, वाटलं आधी पगाराच्या पावत्या मागतील. त्यांनी आधी न्यायाधीश कोण हे पाहिलं आणि मग तिची नेमणूक कधीची आहे ते शोधत बसल्या. 2018 च्या आधीची की नंतरची. मला काही कळेना. माझ्या पगाराचा आणि तिच्या नेमणुकीच्या तारखेचा काय संबंध?

संबंध असा. पोलंडमध्ये न्यायाधीशांची नावं सुचवणारी एक राष्ट्रीय परिषद आहे, केआरएस म्हणतात. 25 जणांची. त्यातले 15 न्यायाधीश आधी न्यायाधीशच निवडायचे. 'कायदा आणि न्याय' असं गोड नाव असलेल्या पक्षाने तो अधिकार संसदेकडे, म्हणजे पर्यायाने स्वतःकडे घेतला. 2018 पासून नेमलेल्या प्रत्येक न्यायाधीशाच्या कपाळावर तो शिक्का आहे. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचं निवृत्तीचं वय 70 वरून 65 वर आणलं, बसलेल्या न्यायाधीशांनासुद्धा लागू! मुख्य न्यायाधीश गेर्सडोर्फबाईंची मुदत घटनेप्रमाणे 2020 पर्यंत होती. त्या हातात पांढरा गुलाब घेऊन सरळ कामावर आल्या, बाहेर लोक घोषणा देत उभे. लक्झेंबर्गने पुढच्या वर्षी हा वयाचा खेळ बेकायदेशीर ठरवला.

मग न्यायाधीशांनाच शिक्षा करायला वेगळं शिस्तपालन खंडपीठ. ओल्श्टिनच्या युश्चिशिन नावाच्या न्यायाधीशाने एवढंच विचारलं की नव्या परिषदेच्या उमेदवारांना पाठिंब्याच्या सह्या कोणी दिल्या ती यादी दाखवा. निलंबित! वर 2020 मध्ये मुस्कटदाबीचा कायदा, की न्यायाधीशाने दुसऱ्या न्यायाधीशाच्या नेमणुकीवर प्रश्न विचारला तर कारवाई. त्या जानेवारीत युरोपभरचे न्यायाधीश झगे घालून वॉर्साच्या रस्त्यावर चालले. दाजी, तुमच्या फॉरवर्डमध्ये यातलं काही नव्हतं. दंडाचा आकडा मात्र बरोब्बर होता. हो, लक्झेंबर्गने ते शिस्तपालन खंडपीठ थांबवायला सांगितलं, ऐकलं नाही, म्हणून रोज 10 लाख युरो, 2021 च्या ऑक्टोबरपासून, नंतर निम्मा केला. पोलंडने भरला नाही, तर युनियनने त्यांना द्यायच्या निधीतून कापून घेतला. करार मोडला तर काय टाळ्या वाजवायच्या?

आपल्याकडचं न्यायाधीशांची नावं ठरवणारं कॉलेजियमही बंद दाराआडचं आहे, मान्य. जर्मनीत राजकारणीच घटनापीठ निवडतात हेही मान्य, पण तिथे दोन तृतीयांश मतं लागतात, एका पक्षाचं चालत नाही. आणि 2015 साली आधीच्या सरकारनेही जाता जाता घटना न्यायाधिकरणाच्या (कायदे घटनेत बसतात का ते तपासणारं कोर्ट) दोन जागा आगाऊ भरण्याचा आगाऊपणा केला होता. झालं समाधान? पण नंतर आलेल्या 'कायदा आणि न्याय'वाल्यांनी काय केलं, तर रीतसर निवडलेल्या तिघांना शपथच दिली नाही आणि त्यांच्या भरलेल्या जागांवर आपली माणसं बसवली.

"हे सगळं वरच्या लोकांचं भांडण, सामान्य माणसाला काय," असंही खाली कोणीतरी लिहिलंय. बरं. झेरो फ्लोर नावाची कंपनी हिरवळीचे गालिचे पिकवते. रानडुकरं आणि हरणांनी तिचं शेत उकरलं, भरपाई अर्धवट मिळाली. (राधानगरीकडच्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, गवा उसात शिरला की काय होतं.) कंपनी घटना न्यायाधिकरणात गेली. तिथल्या पीठावर त्या भरलेल्या जागेवर बसवलेला एक जण. 2021 च्या मे महिन्यात स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की हे कायद्याने स्थापन झालेलं न्यायालयच नव्हे. डुकरांनी उकरलेल्या शेतापासून प्रकरण इथवर गेलं!

आणि माझा पगार. माझी न्यायाधीश 2018 नंतरची निघाली. चाळिशीची असेल. माझं मोडकंतोडकं पोलिश शांतपणे ऐकलं, दुभाष्याला मध्येच थांबवून "बाईंना नेमकं काय म्हणायचंय?" असं विचारलं. निकाल माझ्या बाजूने. मी पेढे वाटायचीच बाकी होते. मग कंपनीचं अपील आलं आणि त्यात एक मुद्दा: न्यायाधीशाची नेमणूकच सदोष. ज्यांनी माझे पैसे दाबले त्यांना अचानक कायद्याच्या राज्याचा पुळका! वकीलबाई म्हणाल्या, बहुतेक टिकणार नाही, पण वेळ खाईल. मी दमले होते. कमी पैशांवर तडजोड केली.

यात युरोपने काय बिघडवलं, सांगा ना दाजी. नेमणुकीत हात घालणाऱ्यांनी माझ्या निकालाला भोक पाडलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, पण सोपं काहीच दिसत नाही. 2023 मध्ये 'कायदा आणि न्याय'चं सरकार गेलं, पुढच्या मे महिन्यात ब्रुसेल्सने, म्हणजे युनियनने, कायद्याचं राज्य धोक्यात आणल्याबद्दलची कलम 7 ची कारवाई बंद केली, वाटलं सुटलं. कुठलं सुटलं! परिषद पूर्ववत करायचा कायदा संसदेने केला, तर राष्ट्राध्यक्ष दुदांनी तो त्याच घटना न्यायाधिकरणाकडे पाठवून दिला. आता राष्ट्राध्यक्ष नाव्रोत्स्की आहेत, तेही 'कायदा आणि न्याय'च्याच गोटाचे. आणि अडीच हजारांच्या वर नव्या नेमणुकांच्या न्यायाधीशांचं करायचं काय, यावर हे लोक जेवणाच्या टेबलावर भांडतात. एक म्हणतो सगळ्यांना जुन्या जागी पाठवा, दुसरा म्हणतो मग त्यांनी दिलेल्या घटस्फोटांचं, वारसाहक्कांचं काय.

मला विचाराल तर माझ्या त्या न्यायाधीशबाईला परत खाली पाठवा, असं माझ्याने म्हणवत नाही. तिची नेमणूक बरोबर होती, असंही म्हणवत नाही.