त्र्याऐंशीचे पहिले दहा

आवडते चित्रपट कोणते, असं कुणी विचारलं तर माणूस खुशीत येतो. त्यांचा क्रम लावा म्हटलं की त्याचा चेहरा आयकराचा फॉर्म भरताना होतो तसा होतो.

हा फॉर्म माझ्यावर आला तो आमच्या शाळेच्या मित्रांकडून. आमच्यात एक रसिक आहेत. त्यांनी तरुणपणी एका फिल्म सोसायटीची वर्गणी भरली होती आणि ती ते अजून आमच्याकडून वसूल करताहेत. त्यांचं फर्मान निघालं : ‘१९८३ साली प्रदर्शित झालेले तुमचे आवडते दहा चित्रपट. क्रमवार. रविवारपर्यंत. सबबी नकोत.’ माझ्या लेखी ८३ म्हणजे कपिल देव आणि लॉर्ड्स. तिथे पहिला कोण आणि दुसरा कोण हे २५ जूनला मैदानावर ठरून गेलं, नंतर कुणी कुणाला फोन करून बोलणी घातली नाहीत. चित्रपटांचं तसं नाही.

मी कागद घेतला आणि डाव्या बाजूला एक ते दहा आकडे घातले. इथपर्यंत काम फर्मास झालं.

पहिला खोळंबा सालाचा. मी मोठ्या विश्वासाने ‘अर्थ’ लिहिला, तर लगेच उत्तर आलं, ‘तो ब्याऐंशीचा.’ असेल बुवा. पण मग ‘अर्धसत्य’ला फिल्मफेअरने सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं, त्याच समारंभात शबाना आझमीला ‘अर्थ’साठी बाहुली कशी काय मिळाली? ‘कथा’चं याच्या उलट. तो थिएटरात लागला ८३ला, राष्ट्रीय पुरस्कार मात्र ८२चा. सरकारदरबारी एक तारीख आणि घरच्यांच्या आठवणीत दुसरी. आमच्या वर्गातली निम्मी मुलं अशीच १ जूनला जन्मली होती, कारण मास्तरांना तीच तारीख सोयीची होती. तेव्हा ‘कथा’ला मी प्रवेश दिला. ‘अर्थ’ला नाही दिला. मेव्हण्याने मधल्या मध्ये ‘शक्ती’ घुसवायचा प्रयत्न केला, तो दारातच अडवला.

दुसरा खोळंबा म्हणजे नसीरुद्दीन शाह. या गृहस्थाने त्या एका वर्षात काय काय करून ठेवलंय ते एकदा बघा. ‘मासूम’मध्ये तो अपराधी बाप, ‘कथा’मध्ये चाळीतला भोळा राजाराम, ‘मंडी’त कोठीवरचा नोकर टुंगरूस, ‘जाने भी दो यारो’त फोटोग्राफर, ‘अर्धसत्य’मध्ये दारूत बुडालेला निलंबित इन्स्पेक्टर लोबो, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून ‘वो सात दिन’मध्ये पद्मिनी कोल्हापुरेचा डॉक्टर नवरा. हे सगळे घेतले असते तर माझी यादी न राहता त्याचं सेवापुस्तक झालं असतं. ‘वो सात दिन’ मी याच कारणासाठी गाळला. अनिल कपूरने वाईट वाटून घेऊ नये.

फिल्मफेअरच्या परीक्षकांचीही बहुधा अशीच पंचाईत झाली असावी, पण ते नशीबवान. अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी त्या वर्षी पाच नामांकनं होती. त्यातली चार शबानाची आणि उरलेलं एक ‘सदमा’च्या श्रीदेवीचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी पाचात चार वेळा निकाल बरोबर! मला तशी सोय नव्हती. मी डोळे मिटले की झोप लागत होती.

पहिल्या क्रमांकाचा प्रश्न मी तत्त्वाने सोडवला. पहिला ‘अर्धसत्य’. तो हिंदी आहे हे आपण कागदोपत्री मान्य करतो, एवढंच. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, नायकाचं आडनाव वेलणकर आणि खलनायक थेट नगरचा. सदाशिव अमरापूरकर त्यात रामा शेट्टी झाले आहेत. आवाज चढवत नाहीत, डोळे वटारत नाहीत, फक्त समोर बसून बोलतात आणि आपल्याला उगाच घराचं दार नीट लावलंय ना ते बघून यावंसं वाटतं. ओम पुरीबद्दल मी काय बोलणार, राष्ट्रीय पुरस्काराच्या समितीने बोलून झालंय. असा चित्रपट पहिला लिहिला की खाली काहीही लिहिलं तरी माणूस सुसंस्कृत दिसतो.

बायकोने खांद्यावरून कागद वाचला.

“हा शेवटचा कधी पाहिलात?”

“अगं, तो असा पुन्हा पुन्हा पाहण्यातला नाही.”

“मग आज लावू या की.”

“आज नको. उद्या ऑफिस आहे.”

“म्हणजे तुमचा सगळ्यात आवडता चित्रपट बघायला दुसऱ्या दिवशी रजा लागते,” ती म्हणाली. “आणि परवा टीव्हीवर ‘हिम्मतवाला’ लागला, तेव्हा पाणी प्यायलासुद्धा उठला नाहीत.”

इथे माझी यादी पहिल्यांदा हादरली. मी सांगितलं की तो मी अभ्यास म्हणून पाहतो, दक्षिणेतल्या निर्मितीचा हिंदीवर झालेला परिणाम वगैरे. ती म्हणाली, अभ्यास करताना पाय हलत नाहीत. आता ‘नैनों में सपना’ लागल्यावर ज्याचे पाय हलत नाहीत त्याने डॉक्टरांना दाखवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ती रंगीत मडकी! रांगाच्या रांगा, ढिगाच्या ढीग. दिग्दर्शक के. राघवेंद्र राव यांनी ‘अजून मडकी आणा’ असं म्हटलं असेल आणि कुणीतरी ती निमूट आणली असतील, त्या माणसाबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. कथेत मडक्यांचा काही संबंध नाही. जितेंद्र कुंभार नाही, श्रीदेवी कुंभारीण नाही. पण ‘अर्धसत्य’मधल्या कवितेइतकीच ती मडकी माझ्या डोक्यात पक्की बसली आहेत आणि हे मी यादीत कुठल्या रकान्यात लिहू?

शिवाय एक संशोधन मी या निमित्ताने केलं, ते कुणाच्या नावावर जाऊ नये म्हणून इथे नोंदवतो. १९८३ हे हिंदी चित्रपटसंगीतातलं लाकूडकामाचं वर्ष आहे. ‘मासूम’मध्ये गुलजार लिहितात ‘लकडी की काठी’, तर ‘हिम्मतवाला’मध्ये जितेंद्र श्रीदेवीला ऐकवतो की तू लडकी नाहीस, लकडी का खंबा आहेस. एका लाकडाचा घोडा होऊन तो आमच्या पिढीच्या पोरांना आणि आता त्या पोरांच्या पोरांना घेऊन दौडतो आहे. दुसऱ्याचा खांब झाला. पण खरं सांगतो, मला दोन्ही गाणी शेवटपर्यंत पाठ आहेत, आणि खांबाचं जरा जास्त.

आणि तीच श्रीदेवी त्याच वर्षी ‘सदमा’त. इथे खांबाबिंबाचं नाव काढायची सोय नाही. तो मी एकदा पाहिला आणि ठरवलं, पुन्हा नाही. शेवटी स्टेशनवर कमल हासन डोक्यावर भांडं घेऊन माकडचेष्टा करतो, तिने ओळखावं म्हणून, आणि ती गाडीतून त्याला वेडा भिकारी समजून बघते. जो चित्रपट लागला की मी खोलीतून उठून जातो तो माझ्या आवडत्यांमध्ये चौथा, आणि जो लागला की उठत नाही त्याला जागा द्यायला मला लाज वाटते, या हिशेबात काहीतरी गफलत होती. पण रविवार जवळ आला होता.

सुरेश वाडकरांनी गोष्टी आणखी अवघड केल्या. ‘सदमा’त ‘ऐ जिंदगी गले लगा ले’, ‘मासूम’मध्ये भूपिंदरबरोबर ‘हुजूर इस कदर’, आणि मराठीत ‘गुपचुप गुपचुप’मध्ये ‘पाहिले न मी तुला’. हे शेवटचं आठवल्यावर मी ग्रुपवर साधा प्रश्न टाकला : मराठी चित्रपट चालेल का? त्यावर जी चर्चा झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या वेळीही झाली नसेल. एकाचं म्हणणं, यादी हिंदी आहे हे गृहीत आहे. दुसऱ्याचं म्हणणं, मराठी माणसाला हे विचारावं लागतं यातच सगळं आलं. तिसऱ्याने शुभ सकाळचा गुलाब पाठवला. रसिकांनी निकाल दिला की नियमात फक्त साल आहे, भाषा नाही. तेव्हा अशोक सराफांचे प्रोफेसर धोंड दिमाखात सहाव्या जागी येऊन बसले. त्यांना उठवण्याची कुणाची छाती झाली नाही.

मग नातेवाईक आले. मावशीचा फोन : “‘अवतार’ घेतलास ना?” तो चित्रपट मावशीच्या दृष्टीने करमणूक नाही, मुलांना बजावलेली नोटीस आहे. राजेश खन्नाला पोरं घराबाहेर काढतात, तो अधू हाताने गॅरेज उभं करतो, कार्बुरेटर शोधून काढतो, गडगंज होतो आणि टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी ‘अपना घर’ बांधतो. आमच्या मावसभावाने वेगळं बिऱ्हाड करायचा विषय काढला की त्या घरात हा चित्रपट लागतो. तो बिचारा अजून आईजवळच राहतो. आता त्याला कार्बुरेटर या शब्दानेच दचकायला होतं. मी नववी जागा दिली. “नववा?” असं म्हणून मावशीने जो सुस्कारा सोडला, त्यात माझ्या बालपणी तिने मला केलेल्या सगळ्या लाडूंचा हिशेब होता.

मेव्हण्याचं प्रकरण याहून नाजूक. त्याला ‘कुली’ पहिला हवा होता. “दाजी, माणूस मरता मरता वाचलाय. तुम्ही त्याला नंबर कसला देताय?” यावर काय बोलणार? बंगळुरूला चित्रीकरण चाललं असताना २६ जुलै १९८२ला अमिताभला पोटात मार लागला, देशभर लोक देव पाण्यात घालून बसले. मनमोहन देसाईंनी तो ठोसा चित्रपटात ठेवला आणि तिथे चित्र थांबवून पडद्यावर लिहिलं की इथेच दुखापत झाली. आधीच्या बेताप्रमाणे नायक शेवटी मरणार होता, तोही जगवला. मेव्हणा त्या थांबलेल्या चित्राला अजूनही हात जोडतो. त्या क्षणी वाहिनीने जाहिरात लावली तर तिलाही चुकून नमस्कार होतो. घरात शांतता राहावी म्हणून सातवा. मेव्हण्याने तो ‘सात आकडा शुभ असतो’ असं स्वतःच ठरवून गोड मानून घेतला. ७८६ ची सुरुवातच सातने होते, हेही त्यानेच सांगितलं.

‘जाने भी दो यारो’बद्दल माझी तक्रार एकच : तो सगळ्यांनाच आवडतो. यात आपली चमक दाखवायला वाव राहत नाही. तेव्हा थिएटरात तो फारसा चालला नाही, आता मात्र प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की मी पहिल्या आठवड्यात पाहिला होता. एवढी माणसं खरंच आली असती तर तो ‘कुली’च्या बरोबरीने चालला असता. त्यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर सतीश शाह यांचं मेलेलं असणं. बाकीच्यांनी जिवंत माणसं उभी केली, याने प्रेत उभं केलं! बुरख्यात चालवलं, चाकांवर पळवलं, आणि शेवटी महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी करून उभं केलं. वस्त्रहरणात द्रौपदी मेलेली, धृतराष्ट्राला ‘ये क्या हो रहा है’ याचा पत्ता नाही आणि गदा सावरत शिरलेल्या भीमाला नाटकातला संवाद ठाऊक नाही. कुंदन शाह यांनी ते कसं जमवलं असेल देव जाणे. शिवाय संपादकीण बाई म्हणून आपल्या भक्ती बर्वे. हसून हसून पोट दुखतं, आणि मग ते दोघं भाबडे फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यांत ‘हम होंगे कामयाब’वर चालत येतात तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघत नाही. दुसरा क्रमांक. पहिला दिला असता, पण मग रामा शेट्टीला तोंड कोण देणार?

‘मासूम’ तिसरा, यात वाद नको. ‘कथा’ पाचवा, फारूख शेखच्या बाशूसाठी. मूळ नाटक शं. गो. साठ्यांचं असूनही मेव्हण्याला ते गुजराती वाटत होतं, त्याचीही समजूत घालून झाली. ‘मंडी’ आठवा टाकला म्हणून रसिक रागावले. रागावू देत.

राहिली दहावी जागा, आणि खरी मारामारी तिथेच. ‘रझिया सुलतान’ दारात उभी, हातात फक्त एक ‘ऐ दिल-ए-नादान’, पण त्या एका गाण्यात खय्यामांनी सोडलेल्या शांत जागा अख्ख्या काही चित्रपटांपेक्षा मोठ्या. ‘हीरो’ बासरी वाजवत आलेला. ‘बेताब’चं म्हणणं, आमच्यावरून पहलगामच्या खोऱ्याला नाव पडलं, तुमच्या ‘मंडी’वरून कशाला पडलंय? मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. बायको भाजी निवडत होती.

“पाय बघा,” ती म्हणाली.

पाय हलत होते. दहावा ‘हिम्मतवाला’. शेवटची जागा, पण खिडकीजवळची.

यादी रविवारी रात्री पाठवली. वरच्या नऊ नावांवर रसिक एक अक्षर बोलले नाहीत. दहाव्यासाठी मात्र त्यांनी खास फोन केला. मी बचावाची सगळी तयारी करून फोन उचलला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, आणि मग दबक्या स्वरात, घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, “ताथय्या ताथय्या हो... तोच ना रे?”

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत आलो तर बायकोने ‘रंग बिरंगी’ लावला होता. हृषीकेश मुखर्जींचा, तोही ८३चाच. उत्पल दत्त नुकते पोलिसी थाटात आले होते, नाव इन्स्पेक्टर धुरंधर भाटवडेकर. एकाच वर्षी हिंदी पडद्यावर दोन मराठी पोलीस : वेलणकर आणि भाटवडेकर. एकाला बघून झोप उडते आणि दुसऱ्याला बघून पोट धरावं लागतं.

“हा कितवा ठेवलात?” तिने विचारलं.

“हा यादीत नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “बसा मग. निवांत बघू या.”