बाबांचा राग कुठे गेला, हे कोणी विचारत नाही

आज सकाळी एका जवळच्या नातेवाइकांचा फोन आला. घरातल्या एका जुन्या वादावर सगळ्यांनी एकत्र बसून एकदाचा तोडगा काढायचाय, त्याबद्दल बोलत होते. कोण कोण येणार ते सांगून झालं आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुझ्या बाबांना नको हं सांगूस. त्यांचा राग माहितीये ना तुला. उगाच तमाशा व्हायचा. आणि या वयात आता काय स्वभाव बदलणारे का माणसाचा?"

ते वयाने मोठे आहेत, म्हणून मी "बघते" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. पण तेव्हापासून डोक्यात सणक गेलीय. ज्या माणसाशी तुम्ही गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याशा समारंभात उभ्याउभ्या दोन मिनिटांपलीकडे बोलला नाहीत, त्याचा स्वभाव तुम्हाला कुठून माहीत? तुम्हाला माहीत आहे तो माझ्या लहानपणीचा बाबा. तो माणूस आता आमच्या घरात राहत नाही.

राग होता, हे मला कोणी सांगायला नको. मी सातवी-आठवीत असताना बाबांचं मनगटी घड्याळ माझ्या हातून पडलं आणि काच तडकली. बाबा असे ओरडले की शेजारच्या घरात चालू असलेला रेडिओ बंद झाला. नंतर रात्री जेवताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. संध्याकाळी ते घरी आले की दाराची कडी किती जोरात पडली त्यावरून आम्ही भावंडं ओळखायचो, आज पुस्तक उघडून बसायचं की खेळत राहिलं तरी चालेल.

आता हे ऐका. मध्यंतरी माझ्या लेकीने घरातला छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बाबांचा चष्मा उघडला. काडी वेगळी, काच वेगळी, आणि तो मोहरीएवढा स्क्रू गायब. मी आत होते. "आजोबा, तुमचा चष्मा तुटला," एवढंच ऐकू आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सवयीचा गोळा, तीस-पस्तीस वर्षं जुना. धावत बाहेर आले तर बाबा जमिनीवर बसलेले, हातात लोहचुंबक, आणि तो फरशीवरून सावकाश फिरवतायत. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसलं की उठताना आधार लागतो. तिला म्हणत होते, "तू नीट बघ, मी हात फिरवतो. मला तसंही काही दिसत नाहीये." स्क्रू शेवटी तिच्या पायमोज्याला अडकलेला निघाला. मग तो परत कसा बसवायचा, कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे त्यांनी तिच्याच हातून करून घेतलं.

घड्याळ आणि चष्मा, माणूस एकच. आणि म्हणे स्वभाव बदलत नाही!

हे "बदलत नाही" प्रकरण नुसतं आपल्या नातेवाइकांचं नाही, मोठमोठ्या माणसांनीही तेच म्हणून ठेवलंय. विल्यम जेम्स, मानसशास्त्रातलं केवढं नाव! त्यांनी १८९० मध्ये लिहिलं की तिशीपर्यंत बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होऊन बसतो. आणि हा माणूस स्वतः कोण? डॉक्टरकी शिकला, मग मानसशास्त्राकडे वळला, तिथे नाव झाल्यावर तत्त्वज्ञानात गेला, आणि तिथलं त्याचं गाजलेलं काम साठीच्या आसपासचं. स्वतः आयुष्यभर बदलत राहायचं आणि बाकीच्यांना तिशीतच कुलूप घालायचं.

स्कॉटलंडमध्ये एक काम झालंय, ते मला फार आवडतं. १९५० च्या सुमारास तिथल्या बाराशेहून जास्त चौदा वर्षांच्या मुलामुलींबद्दल त्यांच्या शिक्षकांनी मत लिहून दिलं होतं. आत्मविश्वास किती, चिकाटी किती, मूड स्थिर आहे का, असे सहा गुण. तीच मुलं सत्त्याहत्तर वर्षांची झाल्यावर त्यांतल्या जी सापडली त्यांना पुन्हा तेच विचारलं, आणि त्यांच्या ओळखीतल्या एकेका माणसालाही विचारलं. संशोधकांना वाटलं होतं, थोडाफार तरी मेळ बसेल. त्रेसष्ट वर्षांनंतर तसा मेळ काही बसला नाही. शेवटी १७४ जणच उरले होते, तेव्हा यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मला त्या शिक्षकांच्या कागदांचं वाटतं. कोणाच्या नावापुढे "चिकाटी नाही" असं लिहिलं असेल, आणि ते मूल पुढे कुठल्या कुठे गेलं असेल.

आपण तर हे घरीच करतो, कागदसुद्धा लागत नाही. हा आळशी, ही हट्टी, हा घुम्या, ही रडूबाई. पाच वर्षांच्या पोराला त्याच्यासमोर "हा असाच आहे" म्हणून पाहुण्यांना सांगायचं. पंधराव्या वर्षी दार आपटलं की "उद्धट झालाय". अहो, त्या वयात रागाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो, विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. कच्चं काम चालू असताना त्यावर नावाची पाटी कसली ठोकताय?

आणि हे फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत नाही. २०१३ मध्ये एक संशोधन आलं होतं, १८ ते ६८ वयाच्या एकोणीस हजारांवर लोकांचं. काही जणांना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? ते म्हणाले, पुष्कळ. दुसऱ्यांना विचारलं, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? ते म्हणाले, फारसं नाही. आणि हे विशीतल्यांनीही म्हटलं आणि साठीतल्यांनीही. म्हणजे प्रत्येकाला वाटतं, आपण व्हायचं ते होऊन झालं. मला हे वाचताना हसू नाही आलं, वाईट वाटलं. माझ्या ओळखीत पन्नाशीच्या बायका आहेत ज्या म्हणतात, "आता काय राहिलंय." बाई, तुझ्या आईकडे बघ, ती आणखी तीस वर्षं जगली!

बाबा कसे बदलले, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं सांगतील, आजारपणाचं वगैरे. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "निवृत्त झाल्यावर कळलं की घरात मी आलो की बोलणं थांबतं. आधी दिवसभर बाहेर असायचो, लक्षात यायचं नाही." बस, एवढंच. कोणाचं प्रवचन नाही, शिबिर नाही. बोलणं थांबतं हे ऐकू आलं, आणि त्यानंतर त्यांनी हळूहळू, आमच्या कोणाच्या लक्षातही न येता, स्वतःवर काम केलं. राग यायचा तेव्हा उठून गॅलरीत जायचे. आम्हाला वाटायचं झाडांना पाणी घालायला जातायत. पाणीही घालायचे, ते वेगळं.

साठी ओलांडलेल्या, कोणी शाबासकी देणार नाही हे माहीत असलेल्या माणसाने हे केलं. मला याचं इतकं अप्रूप आहे की लिहिताना घसा दाटून येतोय. आणि सकाळचा तो फोन आठवला की पुन्हा संताप येतो.

सगळेच सुधारतात असं मी म्हणत नाही. काही माणसं वयाबरोबर अजून कडू होतात, मी पाहिली आहेत. आणि कोणी बदललं म्हणून ज्यांना त्याने दुखावलं त्यांनी विसरून जावं, असंही नाही. माझा भाऊ अजून बाबांशी जपूनच बोलतो, तो त्याचा हक्क आहे. पण तोसुद्धा "बाबा आता तसे नाहीत" हे मान्य करतो. ज्याने सोसलं तो मान्य करतो, आणि ज्यांनी लांबून गंमत पाहिली ते करत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले, पार म्हातारपणापर्यंत. त्याआधी बहुतेकांना बालपणाच्या पुढे बघायचं सुचत नव्हतं, म्हणून ते काम मोठंच. पण मला त्याहून त्यांच्या पत्नी जोन आवडतात. नवऱ्याच्या मागे, स्वतः नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी नववा टप्पा मांडला. ऐंशी-नव्वदीतलं जगणं वेगळंच असतं, त्याला वेगळी जागा हवी म्हणून. त्या वयात पोहोचल्याशिवाय ते कोणाला कळणार होतं?

आता आईचं. आई उलट बदलली. जन्मभर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणारी माझी आई आता सत्तरीत स्पष्ट सांगते, "मला नाही यायचं," "मला हे पटत नाही." परवा तर एका बैठकीत तिने दोन मोठ्या माणसांना मध्येच थांबवून "माझं बोलून होऊ दे" म्हटलं. आणि हेच नातेवाईक, ज्यांना बाबांचा बदल दिसत नाही, ते म्हणतात, "म्हातारपणी फारच बोलायला लागलीय." म्हणजे एकाने राग सोडला ते दिसत नाही, आणि दुसरीने तोंड उघडलं ते तेवढं बरोबर दिसतं! तेव्हा बरा बदलतो हो माणसाचा स्वभाव!

पोस्ट टाकण्याआधी आईला वाचून दाखवली. ऐकून म्हणाली, "बाबांचं पानभर आणि माझं एवढंसंच?" तिच्यावर वेगळी पोस्ट लिहिणार आहे, ती सांगेल तशी.