"मिल पाहिली नाही त्यांनी लेख पाडू नयेत" या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून सरच म्हणतो. खनिज दळण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. सरांचं म्हणणं असं की जात्याचं उदाहरण चुकीचं, कारण जात्यात घासून पीठ होतं आणि बॉल मिलमध्ये (फिरणारा मोठा पोलादी डबा, आत पोलादी गोळे) गोळ्यांच्या माराने, मेशचा (चाळणीच्या जाळीचं माप) आकडा चुकलाय, एचपीजीआर (दोन रुळांमध्ये दाबून दगड चिरडणारं यंत्र) आल्यावर बॉल मिलवर लिहिण्यात अर्थ नाही, जास्त बारीक दळलं की रिकव्हरी (खनिजातून हाती येणारा धातू) वाढते हे साधं गणित मी उलटं सांगितलंय, आणि शेवटी हे वाक्य, "ज्यांनी आयुष्यात मिल पाहिली नाही त्यांनी गूगल करून असले लेख पाडू नयेत."

आधी माझी चूक. 200 मेश म्हणजे 74 मायक्रॉन, माझ्या लेखात 7.4 पडलं. टाइप करताना मध्ये टिंब आलं, ते दुरुस्त केलंय, दाखवून दिल्याबद्दल मनापासून आभार. एवढंच लिहून थांबला असतात तर मी तुम्हाला फोन करून थँक्यू म्हणालो असतो.

पण "लेख पाडू नयेत" ही कुठली भाषा झाली? मी तुमसरचा माणूस आहे. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आमच्याच तालुक्यात, त्या काळ्या धुळीने माखलेले कपडे वाळत घातलेले बघत मी मोठा झालो. पुढे 27 वर्षं तांब्याच्या एका कॉन्सन्ट्रेटरमध्ये (दळलेल्या दगडातून धातूचा भाग वेगळा करणारा कारखाना) काढली, त्यातली 19 शिफ्टमध्ये, म्हणजे पोरांच्या शाळेचे गॅदरिंग मी फोटोतच पाहिले. मिल पाहिली नाही म्हणता? अहो, लायनर, म्हणजे मिलचं आतलं अस्तर, बदलायला मिलच्या पोटात उतरलोय मी, मे महिन्यात, आत वाफ, खाली झिजून वेडेवाकडे झालेले बॉल, त्यावर पाय ठरत नाही आणि डोक्यावर एकच हॅलोजन. बाहेर स्विचला माझं स्वतःचं कुलूप लावलेलं, किल्ली माझ्याच खिशात, तरी आत गेल्यावर हात दर दोन मिनिटांनी खिशाकडे जायचा.

आणि मिल पाहण्याआधी ऐकायची असते, हे गूगलवर वाचून येत नाही. फीड, म्हणजे आत जाणारा माल, कमी पडलं की बॉल थेट लायनरवर आपटतात, आवाज कडक होतो, कानात जातो. फीड जास्त झालं की तीच मिल दबक्या आवाजात गुरगुरते, तेव्हा समजायचं पोट भरलंय, आता थोड्या वेळात डिस्चार्जला, म्हणजे बाहेर पडायच्या तोंडाला, जाड माल येणार. आमचे जुने ऑपरेटर कंट्रोल रूमच्या बाहेर उभे राहून चहा पिताना मान वर करायचे आणि आत जाऊन फीडर कमी करायचे, मीटर नंतर बघायचे. मिलच्या तोंडाशी आलेली स्लरी (पाण्यात मिसळलेली पूड) लिटरच्या डब्यात घेऊन काट्याला टांगायची, डेन्सिटी वाचायची, आणि मग तीच चिमूट अंगठा आणि बोटात चोळून बघायची, रेती लागते का मऊ लागते. माझ्या अंगठ्याला अजून कळतं ते.

आता जातं. आमची आजी जात्यावर बसायची तेव्हा आम्हाला मूठ मूठ वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायला लावायची. मूठ मोठी झाली तर पीठ भरड पडायचं, मूठ चुकली तर दगडावर दगड घासून पिठात कच यायची आणि पाठीत धपाटा. मी लेखात जातं आणलं ते या वैरणीसाठी. मिलला माल कमी घातला तर स्टीलवर स्टील झिजतं, जास्त घातला तर भरड येतं, हे समजावायचं होतं. मार आणि घासणं वेगळं हे मलाही कळतं (आणि मिलमध्येही दोन्ही होतं, वरून पडणारे बॉल फोडतात, खाली लोळणारे घासतात). तुम्ही उदाहरण वाचलंत, ते कशासाठी दिलंय ते वाचलं नाहीत.

रिकव्हरीचं मात्र सोडणार नाही, कारण त्यात मी स्वतः भाजलोय. आमच्याकडे एकदा वरून हुकूम आला, टनेज कमी करा आणि बारीक दळा, रिकव्हरी वाढेल. मी लेखी दिलं की स्लाइम, म्हणजे अति बारीक चिखल, होईल, मला गप्प बसवलं. तीन दिवस दळलं. (दळलेल्या मालात बुडबुडे सोडतात, तांब्याचे कण त्यांना चिकटून फेसात वर येतात.) कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे फेसातून काढलेल्या मालाचा, ग्रेड (त्यातलं तांब्याचं प्रमाण) खाली आला, कारण नको असलेल्या दगडाची धूळही फेसाबरोबर वर यायला लागली, आणि तांब्याचे इतके बारीक झालेले कण की बुडबुड्याला धड चिकटेनात, ते टेलिंगमध्ये, म्हणजे टाकाऊ मालात, निघून गेले. चौथ्या दिवशी जुनी सेटिंग परत लावली. माझं लेखी कुणी वर काढलं नाही.

शिवाय विजेचं काय? फ्रेड बाँड या अभियंत्याने 1952 मध्ये दळायला किती वीज लागते त्याचं सूत्र मांडलं, ते आजही मिल निवडताना वापरतात. दगडाचा वर्क इंडेक्स (दळायला किती कठीण त्याचा आकडा) 13 धरा. 10 मिलिमीटरचा माल 100 मायक्रॉनपर्यंत आणायला टनाला साधारण 11.7 युनिट लागतात. तिथून फक्त 25 मायक्रॉनपर्यंत न्यायचं तर वर आणखी 13 युनिट. म्हणजे शंभर पट बारीक करायला जेवढं बिल, त्यापेक्षा जास्त बिल पुढच्या चौपटीला. खनिज दगडापासून सुटं झालं की थांबायचं, त्याच्यापुढे दळणं म्हणजे पैसे जाळून माल बिघडवणं. हे मी लेखात लिहिलं होतं, आजही तेच लिहीन.

एचपीजीआरचं एवढंच सांगतो की त्याच्यानंतर बहुतेक ठिकाणी बॉल मिलच असते. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुम्ही कुठल्या प्लांटवर होतात, मिल किती फुटी होती, किती वर्षं, ते लिहा. माझं मी वर लिहिलंय.