काष्ठौषधीवाल्यांचा प्रश्न

थंडी सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्वचेच्या उपायांचे संदेश येऊ लागतात. गेल्या आठवड्यातील संदेशात इसब, गजकर्ण आणि सोरायसिस या तिन्हींवर लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि कडुनिंबाचा लेप असा एकच उपाय सुचवला होता, आणि शेवटी ‘नैसर्गिक असल्याने अपाय नाही’ अशी ग्वाही होती. कडुनिंबाविषयी माझी काही तक्रार नाही. माझा आक्षेप या ग्वाहीला आहे.

हा धडा मी स्वतःच्या घोट्यावर गिरवला आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या कोरड्या डिसेंबरात इसबाची खाज असह्य झाली, तेव्हा मी बेसनात लिंबू पिळून तो लेप पंधरा दिवस नेमाने लावला. लेप वाळताना खाज दबल्यासारखी वाटे. धुतल्यावर मात्र कातडी कागदासारखी करकरीत होई, आणि एका संध्याकाळी पायमोजा काढताना तो भेगांना चिकटून रक्ताने भिजलेला दिसला. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण 4.5 ते 5.5 असतो, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास, तर सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर. इसबात त्वचेचा संरक्षक थर आधीच विरलेला असतो, त्यामुळे तिथे लिंबू पिळणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखेच आहे.

मला आराम पडला तो डॉक्टरांच्या मलमाने आणि त्याच्या जोडीला त्यांनीच सांगितलेल्या घरगुती शिस्तीने: आंघोळीला कढत पाणी घ्यायचे नाही, अंग पंच्याने खसाखसा न पुसता टिपायचे आणि ते ओलसर असतानाच खोबरेल तेल लावायचे. ओट्सच्या बारीक पिठाचाही उपयोग होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2003 मध्ये त्याला त्वचासंरक्षक म्हणून मान्यता दिली आहे. मात्र हेच खोबरेल डोक्यातील चिवट कोंड्यावर थापले तर कोंडा बळावू शकतो, कारण त्यामागची मॅलासेझिया नावाची बुरशी तेलातील स्निग्धाम्लांवरच पोसली जाते. गजकर्णाचे मूळ आणखी वेगळ्या बुरशीत, तर सोरायसिसचे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीत. या सगळ्यांना एक लेप पुरेल कसा?

हळदीचे नाव काढताच आपण पेटंटची लढाई आठवतो. 1995 मध्ये अमेरिकेत जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले आणि सीएसआयआर या भारत सरकारच्या विज्ञान-संशोधन संस्थेच्या आक्षेपानंतर 1997 मध्ये ते रद्द झाले. त्या वेळी संस्थेची सूत्रे डॉ. रघुनाथ माशेलकरांकडे होती, जे त्याआधी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते, याचा मलाही अभिमान आहे. परंतु हे ज्ञान जुनेच आहे, एवढेच त्या निकालाने ठरले; हळदीने प्रत्येक चट्टा बरा होतो, असे त्यात कुठेही ठरलेले नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना औषधीच्या ताकदीची धास्ती होती. परीट ज्याने कपड्यांवर खुणा करत, त्या बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, म्हणून आयुर्वेदात तो विटेच्या भुकटीत घोळवून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. आपण ही सावधगिरी गाळून नुसती कृती पुढे ढकलतो. (बिनलेबलच्या डबीतील ‘जडीबुटीचे’ मलम दोन दिवसांत खाज थांबवत असेल, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका अवश्य घ्यावी, गजकर्ण त्याने वरवर दबते आणि कडेने पसरत जाते.)

मागे मेहुण्यांच्या हातावरील कोडासाठी मी मंडईजवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात बावची आणायला गेलो होतो. या वनस्पतीच्या बियांतील सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे त्वचा उन्हाला विलक्षण हळवी होते. कोडावरील आधुनिक प्रकाशोपचारातही सोरालेन वापरतात, पण मोजून-मापून. तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. दुकानातील वयस्कर गृहस्थांनी पुडी बांधली आणि ती हातातच ठेवून विचारले, “वैद्यांनी लिहून दिली आहे ना? लावल्यावर उन्हात किती वेळ बसायचे, ते सांगितले आहे का?” मी नाही म्हणताच त्यांनी दोरा सोडला, बावची पुन्हा बरणीत ओतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते विचारले.