पायाला मुंग्या येतात का?

आज सकाळी टपरीवर चहा घेताना एक जुना मित्र म्हणाला, "सोड रे ते प्रायव्हसीचं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" दिवस गेला, पण हे वाक्य काही डोक्यातून जात नाही.

दुसरा कोणी असता तर मी चहा संपवून उठलो असतो. पण हा कोण, तर ज्याच्या पत्त्यावर उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या फुकट सीडींचं पाकीट पोस्टाने यायचं तो. निम्म्या हॉस्टेलच्या मशीनवर लिनक्स यानेच टाकलं. "सॉफ्टवेअरचा सोर्स कोड बघता येत नसेल तर भरवसा कशाचा?" हे मला शिकवलं तेही यानेच.

काय आहे ते सांगतो.

मागच्या वर्षी आईची शुगर तपासली. रिपोर्ट फोनवर येणार म्हणून लॅबच्या फॉर्मवर तिचा नंबर लिहिला. शुगर वाढलेली निघाली. आईने कुणाला सांगितलं नाही, मावशीलाही नाही. आजीचा पाय याच दुखण्यात काढावा लागला होता. मावशीने ऐकलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गवार निवडत बसलो होतो, तेव्हा फोन आला. पलीकडे एक बाई, आवाज अगदी मऊ. "काकू, शुगर वाढलीय ना तुमची? पायाला मुंग्या येतात का?"

आई "हो" म्हणून गेली. मग तिचा चेहरा उतरला. फोन ठेवून मला म्हणाली, "हिला कुणी सांगितलं रे?"

कुठून गेलं ते आजवर कळलेलं नाही. आई लपवत नव्हती. मावशीला ती सांगणारच होती, दिवाळीला भेटल्यावर, शेजारी बसवून. कुणाला आणि केव्हा सांगायचं हे तिचं तिला ठरवायचं होतं. तेवढंच तिच्या हातातून गेलं.

आणि हे काही आपलं खूळ नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. ग्राहकाच्या मोबाईल नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं. तरी परवा दोन जोडी मोजे घेताना काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही सर." मोजे तिथेच ठेवून आलो. त्या पोराचा दोष नाही, पण हे सॉफ्टवेअर कुणीतरी असंच लिहून घेतलंय ना!

त्या फोननंतर आईचा मोबाईल घेऊन बसलो. टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी दिलेली होती. उजेड पाडायला मावशीचा नंबर कशाला लागतो? काढून टाकलं. एफ-ड्रॉइड म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो अशा अ‍ॅपचं दुकान, तिथून कॅलेंडर, गॅलरी आणि नोट्सची अ‍ॅप टाकली. तिथे एखादं अ‍ॅप पाळत ठेवत असेल तर तसं त्याच्या पानावरच लिहिलेलं असतं. आईला फरकही कळला नाही, फक्त म्हणाली, "जाहिराती गेल्या वाटतं."

उघडा कोड म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, कबूल. हार्टब्लीड नावाची चूक ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे वेबसाइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या उघड्या कोडमध्ये, दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडून होती. पण मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं, म्हणजे लिनक्समध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या उघड्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण आठवा. कोणीतरी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून राबून विश्वास मिळवला आणि चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरने उकरायला घेतलं. उकरता आलं, कारण वर कुलूप नव्हतं. आईचा रिपोर्ट ज्या ज्या सॉफ्टवेअरमधून फिरला, त्यात असं डोकावायची सोय कुणाला आहे?

व्हॉट्सअ‍ॅप मीही वापरतो. पाण्याचा टँकर कधी येणार ते सोसायटीच्या ग्रुपवरच कळतं. तिथले मेसेज कुलूपबंद असतात, ते कुलूपही सिग्नल या खासगीपण जपणाऱ्या मेसेज अ‍ॅपवाल्यांच्याच प्रोटोकॉलचं, हेही मान्य. पण कोण कुणाशी केव्हा बोललं ते कुलपाबाहेरच राहतं. साठीची बाई रात्री अकराला मधुमेहाच्या डॉक्टरला मेसेज करते, एवढं कळलं की आत काय लिहिलंय ते वाचायची गरज पडत नाही. पलीकडून फोन करणाऱ्या बाईला तेवढं पुरतं.

टपरीवर माझा आवाज चढला. चढायला नको होता. तो थकलाय, हे दिसत होतं. दहा-बारा वर्षं घरच्यांना, ऑफिसातल्यांना, नातेवाइकांना तेच तेच समजावत राहिला, ऐकलं कुणी नाही. निघताना हळूच म्हणाला, "उशीर झालाय रे आता." ते मला त्या पहिल्या वाक्यापेक्षा जास्त लागलं.

हे तू वाचशील, माहितीये. रविवारी सकाळी घरी ये. आई पोहे करेल, ती तुझी दर वेळी चौकशी करते. तिच्यासमोर बस आणि "लपवण्यासारखं काय आहे" हे तिला विचार. मी मध्ये बोलणार नाही.